पेट्रोल गोल्फ कार्ट: गॅस कोणता भरावा, मायलेज किती धरावं?

सायली_पीचट्री

नमस्कार मंडळी.

अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. गावभर गोल्फ कार्टसाठी वेगळ्या वाटा आहेत, सगळ्या मिळून शंभर मैलांहून जास्त. शाळा, वाणसामान, लायब्ररी, तळ्याकाठची बाग, सगळीकडे कार्टने जाता येतं. हायस्कूलची मुलंसुद्धा कार्ट घेऊन शाळेत जातात. इथे कार्ट ही गोल्फ खेळणाऱ्यांची चैन राहिलेली नाही, घरातलं दुसरं वाहन आहे.

यंदा आम्ही एक वापरलेली पेट्रोल कार्ट घेतली. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, साडेतीनशे सीसीच्या आसपासचं इंजिन, कार्बोरेटर. मागे उलट्या तोंडाच्या दोन सीट आहेत. कार्ट चालते छान, पण तीन गोष्टींवर घरात एकमत होत नाही.

एक, ८७ ऑक्टेनचा गॅस (इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात) भरायचा की ९३ चा? ज्यांच्याकडून कार्ट घेतली ते म्हणाले की लहान इंजिनाला चांगला गॅस द्या. दोन, एथेनॉल-फ्री गॅस आमच्याकडे गॅलनमागे जवळजवळ डॉलरभर महाग आहे, तो घ्यावा का? आणि तीन, मायलेज. फोनच्या जीपीएसवर अंतर मोजून आणि टाकी काठोकाठ भरून हिशेब केला तर गॅलनला साधारण २४ मैल येतात. आपल्या भाषेत लिटरला १० किलोमीटर. नवरा म्हणतो, पुण्यातली आपली स्कूटर चाळीसच्या वर द्यायची, मग हळूहळू चालणारी ही गाडी दहा का देते? माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे अशी कार्ट असेल तर सांगा.

नाना_फ्लोरिडा

सायली, आम्ही दोघं निवृत्तीनंतर फ्लोरिडातल्या द व्हिलेजेस या गावी आलो. इथे कार्टशिवाय पान हलत नाही, त्यामुळे या विषयावर रोज कोणी ना कोणी भेटतंच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: ८७. प्रीमियमला पैसे घालू नका. ऑक्टेनचा आकडा इंधनात ताकद किती ते सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडेपर्यंत इंधन किती तग धरतं, एवढंच तो सांगतो. टर्बो असलेल्या किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या गाडीत कमी ऑक्टेनचा गॅस वेळेआधी पेटतो आणि इंजिन ठोके देतं, म्हणून तिथे प्रीमियम लागतो. कार्टच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आठ-साडेआठच्या आसपास असतं. त्याला ८७ पुरेसा होतो. मॅन्युअलमध्येही तेच लिहिलेलं असतं.

९३ मध्ये उष्मांक जास्त असतो हाही गैरसमज आहे. मायलेज त्याने वाढणार नाही.

करवीरकर

कोल्हापुरातून वाचतोय. ८७ म्हणजे फारच हलकं पेट्रोल वाटतंय, आमच्याकडे साधं पेट्रोलसुद्धा ९१ चं असायचं. अमेरिकेत इतकं कमी दर्जाचं कसं चालतं?

पिस्टन_पुणेकर

करवीरकर, दर्जा तोच आहे, मोजायची रीत वेगळी आहे. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, रिसर्च आणि मोटर. भारतात पंपावर रिसर्चचा आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात आणि मोटरचा आकडा नेहमी आठ-दहाने खाली असतो. त्यामुळे इथला ८७ म्हणजे आपल्याकडचा साधारण ९१-९२.

मी पुण्यात बरीच वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली, आता मुलाकडे न्यूननला असतो. न्यूनन म्हणजे सायलीताईंच्या शेजारचंच गाव. यामाहाच्या कार्ट इथेच तयार होतात. क्लब कार आणि ई-झी-गो या दोन्ही कंपन्या ऑगस्टा परिसरातल्या. कार्टच्या धंद्याचं माहेरघर जॉर्जियाच आहे म्हणा ना. मायलेजच्या प्रश्नावर सविस्तर लिहायचं आहे, जेवण झालं की बसतो.

मृण्मयी_टेक्सास

ते येईपर्यंत मी एथेनॉलबद्दल लिहिते.

इथे बहुतेक पंपांवर मिळतो तो गॅस ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत एथेनॉल. एथेनॉलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ई-१० मध्ये साधारण ३ टक्के कमी. तुमच्या २४ मैलांत तो फरक पाऊण मैलाचासुद्धा नाही. नुसत्या मायलेजसाठी गॅलनमागे डॉलर जास्त देण्यात अर्थ नाही.

पण एथेनॉल-फ्री घ्यायचं खरं कारण मायलेज नसून पाणी आणि मुक्काम हे आहे. एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कार्टच्या टाकीच्या झाकणाला हवा यायला छिद्र असतं. दिवसा ऊन, रात्री गारवा, टाकी श्वास घेत राहते आणि दमट हवा आत जाते. ई-१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं. त्यापलीकडे गेलं की पाणी आणि एथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंधन उचलणारी नळीही तळाशीच असते, म्हणजे इंजिनाला नेमकं तेच मिळतं. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरतं, कारण ते राखण्यात एथेनॉलचा वाटा असतो.

हे घडायला वेळ लागतो. सायली, तुम्ही रोज कार्ट चालवता आणि तीन-चार आठवड्यांत टाकी संपते, तर ई-१० भरत राहा, काही बिघडणार नाही. ज्यांची कार्ट महिना-दोन महिने उभी असते त्यांनी मात्र एथेनॉल-फ्री भरावा. कार्बोरेटर खोलून साफ करून घ्यायला जे पैसे पडतात, त्यात वर्षभराचा फरक निघून जातो.

नाना_फ्लोरिडा

मृण्मयीला पूर्ण अनुमोदन. आम्ही हिवाळ्यात तीन-चार महिने नाशिकला असतो. जाण्याआधी मी टाकी एथेनॉल-फ्री गॅसने भरतो. इथे फ्लोरिडात तो रेक-९० नावाने मिळतो, बोटवाल्यांमुळे बऱ्याच पंपांवर असतो. त्यात स्टॅबिलायझर (गॅस लवकर खराब होऊ नये म्हणून घालायचं औषध) टाकून दहा मिनिटं कार्ट फिरवून आणतो, म्हणजे ते मिश्रण कार्बोरेटरपर्यंत पोचतं. मग टाकीखालचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. कार्बोरेटरची वाटी रिकामी राहिली की आत चिकट थर धरत नाही.

इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या कार्टला हे वाटी रिकामी करायचं प्रकरण नाही. तिथे टाकी भरलेली ठेवायची, कारण टाकीतला इलेक्ट्रिक पंप इंधनानेच थंड राहतो. कोरड्या टाकीवर तो फिरवू नये.

मृण्मयी_टेक्सास

अजून एक, आणि हे महत्त्वाचं आहे. आता बऱ्याच पंपांवर "अनलेडेड ८८" नावाचा गॅस दिसतो, ८७ पेक्षा स्वस्त. आकडा एकाने जास्त आणि दर कमी, म्हणून लोक तो कॅनमध्ये भरून आणतात. तो ई-१५ असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) त्याला २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी परवानगी दिली आहे. बोटी, मोटारसायकली, गवत कापायची यंत्रं आणि कार्टसारखी लहान इंजिनं त्यात येत नाहीत. नळीजवळच्या नारिंगी लेबलवर तसं लिहिलेलं असतं, पण घाईत कोण वाचतं.

त्यातही एकच नळी सगळ्या प्रतींना असेल तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गॅस नळीत उरलेला असतो, साधारण पाव गॅलन किंवा थोडा जास्त. मोटारीच्या पंधरा गॅलनमध्ये तो कुठल्या कुठे विरतो, पण दोन गॅलनच्या कॅनमध्ये त्याचा वाटा मोठा. मी आधी थोडा गॅस मोटारीत भरते आणि मग त्याच नळीने कॅन. एथेनॉल-फ्रीसाठी बहुधा स्वतंत्र नळी असते, ती असेल तर उत्तमच.

पिस्टन_पुणेकर

आता मायलेज.

सायलीताई, तुमचे यजमान विचारतात तो प्रश्न अगदी योग्य आहे. हळू चालणारी गाडी कमी पेट्रोल खाईल असं आपल्याला वाटतं, कारण मोटारीत तसंच अनुभवाला येतं. पण तिथे वाचते ती हवेच्या विरोधाची किंमत. कार्टचा वेग १५ ते २० मैल, इतक्या वेगाला हवा फारशी आड येतच नाही. तिथे इंधन जातं ते दुसऱ्याच वाटांनी.

सगळ्यांत मोठी वाट टायरची. स्कूटरला दोन अरुंद टायर आणि त्यांत भरपूर हवा. कार्टला साडेआठ इंच रुंदीचे चार टायर, त्यांत वीस पीएसआयच्या आसपास हवा. हिरवळ दबू नये म्हणून ते तसे मऊ केलेले असतात. डांबरी वाटेवर प्रत्येक फेऱ्याला ते रबर चेपतं आणि पुन्हा फुगतं, त्यात ऊर्जा सतत उष्णता होऊन जाते. त्यावर वजन. रिकामी कार्ट तीनशे किलोच्या पुढची, चार माणसं बसली की तेवढंच वजन पुन्हा चढतं. स्कूटर शंभर-सव्वाशे किलोची. गाडी दुप्पट जड झाली की टायरचं रडणंही जवळजवळ दुप्पट.

दुसरी वाट थांबण्या-निघण्याची. कार्टला आयडलिंग नाही. पॅडल सोडलं की इंजिन बंद, दाबलं की स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने पुन्हा चालू. थांबलेलं असताना काहीच जळत नाही ही जमेची बाजू. पण प्रत्येक वेळी सहाशे किलो शून्यापासून हलवायचे आणि पुढच्या वळणावर ती सगळी गती ब्रेकमध्ये घालवायची. पीचट्री सिटीच्या वाटा वळणावळणाच्या, चढ-उताराच्या, बोगदे आणि पुलांच्या. तिथे हा खर्च मोठा आहे.

तिसरी वाट इंजिनाची. हवेने थंड होणारं एक सिलिंडर, कमी कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटरने मुद्दाम थोडं जाड दिलेलं मिश्रण. जाड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. त्याने इंजिन थंड राहतं आणि पॅडल दाबल्यावर अडखळत नाही, पण ते जादाचं पेट्रोल पुरतं जळत नाही. नव्या इंजेक्शनवाल्या कार्ट इथेच पुढे जातात. माझ्या बघण्यात चांगल्या अवस्थेतली कार्बोरेटरवाली कार्ट गॅलनला २५ ते ३५ मैल देते, इंजेक्शनवाली ३५ ते ४५. लिटरच्या हिशेबात ११ ते १५ आणि १५ ते १९.

चौथी, बेल्ट. इंजिन आणि मागचा आस यांच्यात सीव्हीटी असते, दोन क्लच आणि मधला पट्टा. पट्टा झिजून अरुंद झाला की पुढच्या क्लचमध्ये पुरता वर चढत नाही. मग त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. वेग तोच वाटतो, आवाज मात्र चढा येतो. तसा येत असेल तर पट्ट्याची रुंदी मोजून घ्या आणि त्यावर कुठलाही स्प्रे मारू नका, कोरड्या फडक्याने पुसा.

तेव्हा २४ हा आकडा भयंकर नाही, पण चार-सहा मैल कुठेतरी सांडत आहेत असं मला वाटतं. शोधायला सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा. टायर थंड असताना चारही चाकांची हवा बघा. मग सपाट जागी लिव्हर न्यूट्रलला घेऊन कार्ट हाताने ढकला. एकट्या माणसाला ती बेताच्या जोराने हलवता आली पाहिजे. जड लागली तर मागचे ड्रम ब्रेक धरून बसलेत. नंतर स्पार्क प्लग काढून बघा. टोक काळं आणि काजळी धरलेलं असेल तर मिश्रण जाड आहे: चोक अडकलाय, एअर फिल्टर चोंदलाय, किंवा ऑइल जास्त भरलंय. ऑइल जास्त भरणं ही फार आढळणारी चूक आहे. इवलंसं इंजिन असतं, खुणेच्या वर गेलं की ऑइल श्वसननळीतून एअर फिल्टरमध्ये शिरतं.

टोक पांढरं असेल तर उलट, मिश्रण पातळ. आणि चोक अर्धा ओढल्याशिवाय इंजिन नीट चालत नसेल तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबलंय. तिथे गॅस बदलून काही होत नाही, कार्बोरेटर खोलावाच लागतो.

अनघा_एनजे

इतकं सगळं सांभाळण्यापेक्षा इलेक्ट्रिक का नाही? भारतात तर विमानतळ, रिसॉर्ट, सोसायट्या, सगळीकडे बॅटरीवरच्याच दिसतात. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक भागात नवी पेट्रोल कार्ट विकताच येत नाही असंही वाचलंय.

नाना_फ्लोरिडा

अनघा, बरोबर आहे, आणि नवी घेणाऱ्याला मी आज लिथियमवालीच बघायला सांगेन. पण वापरलेल्या बाजारात लेड-ॲसिड बॅटऱ्या असलेली कार्ट घेतली तर सहा बॅटऱ्यांचा संच काही वर्षांत बदलावा लागतो, तो खर्च एकदम अंगावर येतो. दिवसभर लांब फिरणाऱ्याला पाच-सहा गॅलनची टाकी म्हणजे शंभर मैलांची निश्चिंती. ज्यांच्याकडे पेट्रोल कार्ट आहे त्यांनी ती नीट राखावी, धूरही कमी होतो आणि पैसेही वाचतात.

केदार_डेन्व्हर

आमच्याकडे वेगळीच अडचण. कोलोरॅडोत साधा गॅस ८५ चा मिळतो, ८७ हा मधल्या प्रतीचा. मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलंय. शिवाय मायलेज २० च्या खाली आहे. समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहोत, त्याचा काही संबंध असेल का? कार्बोरेटरवाली, जुनीच आहे.

पिस्टन_पुणेकर

केदार, संबंध थेट आहे. १६०० मीटरवर हवा सुमारे १५ टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जवळजवळ तेवढंच पेट्रोल सोडत राहतो. मिश्रण जाड होतं, ताकद जाते, प्लग काळा पडतो, मायलेज घसरतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये उंचीनुसार मेन जेटच्या मापांचा तक्ता असतो. तुमच्या उंचीला सांगितलेलं लहान जेट बसवा. कार्ट पुढे कधी सखल भागात नेलीत तर जुनं जेट परत लावायला विसरू नका, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापेल. इंजेक्शनच्या कार्टमध्ये सेन्सर हवेचा दाब बघून हे आपोआप जुळवतो.

८५ बद्दल: विरळ हवेत सिलिंडरमधला दाबच कमी होतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या काळापासून डोंगराळ राज्यांत ८५ चालत आलाय. तरी मॅन्युअल ८७ म्हणत असेल तर ८७ भरा. तुमच्याकडे तो मधल्या प्रतीचा असला तरी महिन्याकाठी फरक थोडाच पडेल.

नभा

आमच्या घराजवळ छोटा विमानतळ आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की विमानाचं पेट्रोल भरा, एथेनॉल नाही, वर्षभर खराब होत नाही. कोणी भरून बघितलंय का?

पिस्टन_पुणेकर

नभा, कृपया भरू नका. लहान विमानांच्या त्या पेट्रोलला १०० लो लेड म्हणतात. नावात लो असलं तरी त्यात लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शिसं असू शकतं. रस्त्यावरच्या वाहनांच्या पेट्रोलमधून शिसं काढायला जगाला कित्येक दशकं लागली. कार्टच्या मागच्या सीटवर मुलं बसतात, आणि एक्झॉस्ट त्यांच्या पायांखालीच असतो. मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. इंजिनाचा विचार केला तरी फायदा नाही, प्लगवर शिशाचा थर बसतो. एथेनॉल नको असेल तर पंपावरचा एथेनॉल-फ्री आहेच की.

करवीरकर

एथेनॉलवरून आठवलं. तुम्ही लोक दहा टक्क्यांवर चर्चा करताय, आमच्याकडे आता पंपावर सरसकट ई-२० आहे. ऊस आमच्याच भागातला, कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, शेतकऱ्याची बिलं वेळेवर निघतात, त्यामुळे मी त्याच्या विरोधात नाही. पण माझी जुनी मोटारसायकल आधीपेक्षा कमी देते हेही खरं. हा फरक किती धरायचा?

मृण्मयी_टेक्सास

करवीरकर, नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात यावर आकडे दिलेले आहेत. ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट, तशाच मोटारींना ६ ते ७ टक्के. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या मोटारींत १ ते २ टक्के. तुमची घट याहून बरीच जास्त असेल तर दोष इंधनाचा एकट्याचा नाही, कार्बोरेटर आणि टायर तपासून घ्या.

माझी काळजी जुन्या रबराची आहे. नळ्या, ओ-रिंग, पंपातला पडदा. कार्टमधला कार्बोरेटरला गॅस पुरवणारा पंप इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, आत पातळ पडदा असतो. पडदा कडक झाला किंवा चिरला की चढावर इंजिन मरगळतं, सपाटीवर ठीक चालतं. लोक ऑक्टेन वाढवून बघतात, प्लग बदलतात, आणि दोष असतो त्या पडद्यात किंवा पंपाकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत. नळी आधी बघा, ती भेगाळलेली असेल तर काम स्वस्तात होतं.

सायली_पीचट्री

सगळ्यांचे मनापासून आभार. पुणेकर काकांनी सांगितलेल्या क्रमाने तपासलं. टायरमध्ये हवा निम्मीच होती. ढकलताना कार्ट जड लागत होती, म्हणून मागची चाकं उचलून फिरवली, डावा ड्रम धरत होता. त्याची केबल सोडवून वंगण घालून घेतली. प्लग काळा निघाला आणि एअर फिल्टर बदलायलाच हवा होता. आता त्याच वाटेवर, त्याच माणसांसह मोजलं तर २९-३० च्या आसपास येतंय. गॅस तोच, ८७, ई-१०.

आता एक वाढीव प्रश्न. मुलाला मोठे टायर आणि कार्ट उंच करणारं लिफ्ट किट हवंय, त्याच्या मित्रांच्या कार्टना आहे. आणि गव्हर्नर (कार्टचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) सैल करून वेग वाढवायचं त्याच्या डोक्यात आहे. मायलेजवर काय परिणाम होईल?

पिस्टन_पुणेकर

वा, सहा मैल म्हणजे इंधनाचा पाचवा भाग वाचला.

मोठे टायर लावले की मायलेज कमी होईल. चाक जड होतं, खडबडीत नक्षी जास्त चेपते, आणि मोठ्या घेरामुळे गिअर लांबल्यासारखा होतो. चढावर इंजिन ओढत राहतं. शिवाय गव्हर्नर मागच्या आसाचे फेरे मोजतो. घेर वाढला की गव्हर्नरला हात न लावताही वेग वाढतो, आणि स्पीडोमीटर असेल तर तो कमी वेग दाखवतो. पुढच्या वेळी मायलेज मोजताना अंतर जीपीएसवरच घ्या.

गव्हर्नरला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. या कार्टना ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतात, पट्टे असले तर कमरेपुरते, मागच्या सीटवर धरायला एक दांडी. उंची वाढवून वेगही वाढवला तर वळणावर कार्ट कलंडते. जॉर्जियाच्या कायद्यात अशा वाहनाची मर्यादा २० मैलांची आहे, त्यापुढे गेलं की वाहनाचा वर्गच बदलतो. मुलाला मोठं व्हील कव्हर आणि चांगले दिवे घेऊन द्या, त्याची हौसही होईल.

नाना_फ्लोरिडा

सुरक्षेचं निघालं म्हणून सांगतो. कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या अस्तरावर स्थिर विजेची ठिणगी पडते. कार्टमध्ये ओतताना इंजिन थंड होऊ द्या, टाकी सीटखाली, इंजिनाच्या शेजारीच असते. आणि गॅरेजमध्ये ज्योतीवर चालणारा वॉटर हीटर असेल तर कार्ट बाहेर काढून भरा. दार बंद ठेवून आत इंजिन तपासत बसू नका, पॅडल दाबून धरलं की कार्बन मोनॉक्साइड भराभर साठतो.

शिरीष_ऑस्टिन

उशिरा आलो, पण माझा प्रश्न इथेच बसेल. शेजाऱ्यांनी ऐंशीच्या दशकातली एक जुनी कार्ट फुकट देऊ केली आहे. त्यांना आठवत नाही की गॅसमध्ये ऑइल घालायचं की नाही. कसं ओळखायचं?

पिस्टन_पुणेकर

शिरीष, ऐंशीच्या दशकातली असेल तर टू-स्ट्रोक असण्याची शक्यता बरीच आहे. ई-झी-गोच्या कार्ट १९९१ च्या सुमारास फोर-स्ट्रोककडे वळल्या, त्याआधीच्या टू-स्ट्रोक. ओळखायची खूण: इंजिनाला ऑइल मोजायची काडी आणि ऑइल भरायचं झाकण असेल तर फोर-स्ट्रोक, साधा ८७ भरा. काडी नसेल तर टू-स्ट्रोक. त्या काळच्या काही कार्ट रिव्हर्सला टाकल्या की इंजिन बंद होऊन उलट्या दिशेने पुन्हा सुरू होतं. ते दिसलं तर शंकाच नको.

टू-स्ट्रोकला नुसता गॅस दिला तर पिस्टन कोरडा फिरून पकडतो, इंजिन गेलंच म्हणून समजा. काहींत ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप ते मिसळतो, काहींत आपल्याला हाताने मिसळावं लागतं. प्रमाण प्रत्येक मॉडेलचं वेगळं आहे, अंदाजाने घालू नका. सीटखालचं लेबल वाचा. ते गेलं असेल तर सीरियल नंबरच्या पाटीचा फोटो इथे टाका, मॉडेल कळलं की मॅन्युअलमधून प्रमाण बघून सांगतो. तोवर टाकीतला जुना गॅस पंपाने काढून कॅनमध्ये भरा आणि काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. मोरीत किंवा मागच्या अंगणात ओतू नका.